आबांचे कान, माझं लिनक्स

आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही. तसा काही नियम नव्हता, पण हळू बोलून उपयोग नव्हता. माझे वडील, म्हणजे आबा, सैन्यात तोफखान्यात होते. हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते फलटणजवळच्या आमच्या गावी परत आले, तेव्हा त्यांनी एक लोखंडी ट्रंक, दोन ब्लँकेटं आणि उरलेलं ऐकू येणं बरोबर आणलं. ते साधारण एका कानाला पुरेल इतकं होतं आणि दोन कानांत वाटून गेलं होतं. आई त्यांना जेवायला हाक मारायची, तेव्हा शेजारच्या घरात चुलतेही हात धुवायला उठायचे.

मी सांगलीत एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत सहायक आहे. साठ मुलांची हजेरी घ्यायला मला माइक लागत नाही. नोकरीला लागले त्या वर्षी प्राचार्यांनी बोलावून विचारलं होतं, घरी सगळं ठीक आहे ना. मी ठीक आहे म्हणून सांगितलं. ते शेजारच्या खोलीतल्यांनीही ऐकलं असणार.

आबांना श्रवणयंत्रं मिळाली ती माजी सैनिकांच्या दवाखान्यातून. कानामागे बसणारी, गव्हाळ रंगाची, दोन कानांची दोन. ती कानाला जुळवून द्यायचं काम साताऱ्यातल्या एक मॅडम करायच्या. आबा एसटीनं साताऱ्याला जायचे, मॅडम यंत्रांना वायर लावून कॉम्प्युटरवर काहीतरी वरखाली करायच्या आणि आबा परत यायचे. दर दोन महिन्यांनी त्यांची तक्रार एकच असे. "आवाज येतोय, बोलणं येत न्हाई." मॅडम म्हणायच्या, इतकी अचूक तक्रार शिकलेले पेशंटही सांगत नाहीत. आबांना हे कौतुक नीट ऐकू आलं नव्हतं. तरी ते "व्हय" म्हणाले होते. जे ऐकू येत नाही त्याला "व्हय" म्हणायचं ही त्यांची सवय होती.

मग मॅडमनी दवाखाना बंद केला. त्या मुलाकडे बंगळूरला चालल्या होत्या. त्या दिवशी मी आबांबरोबर गेले होते. मॅडमनी आबांच्या कानांची फाईल पेनड्राइव्हवर घालून दिली, पुढच्या वेळी पुण्याला दाखवा म्हणाल्या, आणि मग आबांकडे बघून थांबल्या.

"हे पुण्याला जाणार नाहीत," त्या मला म्हणाल्या.

"नाही जाणार," मी म्हणाले.

आबा म्हणाले, "व्हय."

मॅडमनी कपाटातून पत्त्यांच्या जोडाएवढी एक डबी काढली. तिच्या एका बाजूला कॉम्प्युटरला लावायची यूएसबी वायर आणि दुसऱ्या बाजूला यंत्रांना लावायच्या दोन बारीक वायरी होत्या, उजव्याला लाल, डाव्याला निळी. सोबत एक सीडी. "हे असं द्यायचं नसतं खरं तर," त्या म्हणाल्या, "पण मी नवीन घेतलंय आणि तुम्ही कॉम्प्युटरवाल्या आहात." मग दोन दुपारी बसून त्यांनी मला शिकवलं. आलेखावर आवाजाची कमाल मर्यादा दाखवणारी एक आडवी लाल रेघ होती. ती कधीही ओलांडायची नाही, ओलांडली तर आहे तेही ऐकू येणं जाईल, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

अडचण सांगलीला आल्यावर कळली. सीडीतला प्रोग्राम विंडोजचा होता आणि माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स होतं. लिनक्स मी काही तत्त्व म्हणून घेतलं नव्हतं. लॅपटॉप कॉलेजनं मोडीत काढलेला होता, त्याला विंडोज झेपत नव्हतं आणि लिनक्स झेपत होतं, एवढंच. कामाचं सगळं त्यावर होतं आणि आठ वर्षांत त्यानं तक्रार केली नव्हती.

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायचं एक साधन आहे, त्याला वाइन म्हणतात. त्यात खरं विंडोज नसतंच. प्रोग्राम विंडोजकडे जे काही मागेल ते वाइन लिनक्सकडून आणून त्याच्या पुढ्यात ठेवते आणि आपण परक्या घरी जेवतोय हे प्रोग्रामला कळत नाही. मी आईला फोनवर सांगितलं, "आई, वाइन लावलीय. बघू चालतेय का." आईशी मी ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात सांगितलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या काकूंनी विचारलं, "द्राक्षं कुठली घेतली? तासगावची का?" मी म्हटलं, तसं काही नाही. त्या म्हणाल्या, "असू दे, असू दे," आणि पुढे बरेच दिवस माझ्याशी जरा जास्तच मायेनं बोलत होत्या.

तीन वेळा प्रोग्राम बसलाच नाही. चौथ्यांदा बसला, उघडला आणि अर्ध्या अक्षरांच्या जागी चौकोन दाखवले. मला चौकोन चालले असते. मॅडमनी दिलेली आबांची फाईल मी आत घातली तर कानांचे दोन आलेखही उमटले, लाल आणि निळा, दोन्ही उजवीकडे, म्हणजे बारीक आवाजांच्या बाजूला, उतरत गेलेले. मग मी डबी जोडली. डबीवरचा हिरवा दिवा लागला. प्रोग्राम म्हणाला, काहीही जोडलेलं नाही. मी काढून पुन्हा जोडली. दिवा लागला. काहीही जोडलेलं नाही. असं आम्ही दोघं तीन दिवस बोलत होतो.

चूक कुणाचीच नव्हती. अक्षरं, चित्रं, फायली मागितल्या तर वाइन आणून देते. पण डबी चालवायला विंडोजच्या पोटात शिरून थेट यंत्राशी बोलणारा वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि इथे शिरायला पोटच नव्हतं. खरं विंडोजच पाहिजे होतं.

म्हणून मी व्हर्च्युअल मशीन केलं. म्हणजे लॅपटॉपच्या आत एक खोटा संगणक मांडायचा, त्याला थोडी मेमरी, थोडी डिस्क तोडून द्यायची आणि त्यावर खरं विंडोज बसवायचं. माझ्या जुन्या डेस्कटॉपच्या खोक्यात विंडोज सेव्हनची डीव्हीडी आणि तिच्या किल्लीचा, म्हणजे परवान्याच्या आकड्यांचा, स्टिकर होता. जो लॅपटॉप विंडोज झेपत नाही म्हणून मोडीत निघाला होता, त्याच्या आत मी विंडोज बसवलं. ते सुरू व्हायला सात मिनिटं लागायची. पण अक्षरं नीट दिसत होती. सगळं बसवून, आबांची फाईल आत घालून झाल्यावर मी त्या मशीनचा स्नॅपशॉट घेतला. पुढे काही बिघडलं तर मशीन या क्षणापर्यंत मागं नेता येतं.

त्या रविवारी मी विटा, मायणी, दहिवडी करत गावी गेले. सोप्यात खुर्चीवर लॅपटॉप ठेवला. आबा अंघोळ करून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसले. यंत्रं कानातून काढून मी वायरींना लावली होती, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या बाजूनं ओरडून झालं.

"काय करतंय आता?" आबांनी विचारलं.

"सुरू होतंय."

"मगाशी सुरू झालं की."

"ते बाहेरचं. आता आतलं होतंय."

आबांनी विचार केला. "मग सरळ त्याच्यावर विंडोजच का न्हाई टाकत?"

याला माझ्याकडे बरंच मोठं उत्तर होतं, पण ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

सात मिनिटांनी आतलं विंडोज आलं. डबी मात्र बाहेरच्या लिनक्सला दिसत होती, आतल्या विंडोजला नाही. ती आत पाठवायला गेले तर परवानगी नाही म्हणून सूचना आली. ज्यांना अशी बाहेरून जोडलेली उपकरणं आत पाठवता येतात त्यांचा एक गट असतो आणि त्या गटात मी माझं नाव घालायचं विसरले होते.

"काय म्हणतंय?"

"परवानगी नाही म्हणतंय."

"कुणाच्या सहीनं मिळती?"

"माझ्याच."

"मग दे की."

मी स्वतःलाच परवानगी दिली. ती लागू व्हायला सगळं बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. आणखी सात मिनिटं गेली. आबा ताठ बसून होते. सैन्यात यापेक्षा जास्त वेळ यापेक्षा कमी कारणासाठी बसलोय, असं ते नंतर म्हणाले.

या वेळी डबी आत गेली. "आता लिनक्सकडची डबी विंडोजकडं गेली," मी सांगितलं. "एका वेळी एकालाच मिळते."

"म्हंजे ड्यूटीचा चार्ज दिला," आबा म्हणाले.

व्हर्च्युअल मशीनवर मी बरंच काही वाचलेलं आहे, पण याहून नेमकं कुठे सापडलं नाही.

यंत्रं ओळखली गेली. मी यंत्रं त्यांच्या कानात घातली आणि मॅडमनी सांगितलं होतं तसं बारीक आवाज थोडे वाढवले, घोगरे थोडे उतरवले, लाल रेघेपासून चार बोटं लांब राहिले. शेवटी शिट्टीची चाचणी घेतली. यंत्रातून बाहेर पडलेला आवाज पुन्हा यंत्रातच शिरला की ते शिट्टी मारतं. आबांच्या यंत्रांचे कानात बसणारे साचे सैल झाले होते, म्हणून ही चाचणी महत्त्वाची होती. ती झाली. मी वायरी काढल्या.

सोप्याच्या कडेनं एक कोंबडी चालली होती, तिच्याकडे आबा बघत राहिले.

"ही पाय घासत चालती," ते म्हणाले.

मी म्हटलं, "आबा, माझं बोलणं कळतंय का?"

त्यांनी दोन्ही हात उचलून खाली दाबले, कवायतीत दाबतात तसे. "कळतंय. वरडू नको."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय झालं?"

"तिला बी सांग," आबा म्हणाले.

मी आत जाऊन आईला सांगितलं, आता हळू बोलायचं. आई म्हणाली, "बरं," आणि ते बरं रस्त्यापर्यंत गेलं. जेवताना आबा आईकडे बराच वेळ बघत होते. मला वाटलं, इतक्या वर्षांनी तिचा आवाज नीट ऐकतायत, म्हणून बघत असतील.

आठ दिवसांनी फोनवर आबांची नवीन तक्रार आली. "भाकरी खाताना डोक्यात कुणीतरी खडी पसरतंय." ही तक्रार मॅडमनी सांगून ठेवलेलीच होती आणि तिच्यावर उपाय सोपा होता. मी पुढच्या रविवारी येते म्हणाले.

त्या शनिवारी मी मिक्सर लावण्यासाठी लॅपटॉपचा प्लग काढला. लॅपटॉपच्या बॅटरीत जीव नाही हे मला माहीत होतं, तरी काढला. आत विंडोज चालू होतं, ते जागच्या जागी मेलं आणि पुन्हा उठेना. मी स्नॅपशॉटवर परत गेले. विंडोज उठलं. पण त्याच्या दृष्टीनं अजून दोन-तीन आठवड्यांपूर्वीचाच दिवस होता, डबी कधी आत आलीच नव्हती आणि आबांच्या कानांना मी अजून हात लावलेला नव्हता. त्याच्याजवळ होती ती मॅडमची फाईल, तीही साचे घट्ट होते त्या काळातली. याचा अर्थ काय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवारी मी पोचले तर आबांची कालव्याच्या पाण्याची पाळी होती. यंत्रं भिजतील म्हणून ती त्यांच्या पेटीत ठेवून ते उसात गेले होते. मी सोप्यात बसून वायरी लावल्या, चार्ज दिला. प्रोग्रामनं विचारलं, यंत्रातली नोंद आणि संगणकातली नोंद जुळत नाही, कोणती ठेवू?

मी संगणक प्रयोगशाळेत नोकरी करते. मी संगणकातली ठेव म्हणाले.

मग भाकरीपुरतं थोडं कमी केलं, शिट्टीची चाचणी कानाशिवाय होत नाही म्हणून सोडून दिली, यंत्रं परत पेटीत ठेवली, आईच्या हातचं जेवले आणि तीनची बस धरली. संध्याकाळी फोन केला.

"आबा, कसं वाटतंय?"

"व्हय," आबा म्हणाले. "बेस हाय."

पुढचे तीन आठवडे कॉलेजच्या परीक्षा होत्या. मी रोज फोन करायचे आणि रोज बेस होतं.

तीन आठवड्यांनी मी गेले. फाटकाशीच एक बारीक, न थांबणारी शिट्टी ऐकू आली. शेजारचे चुलते हातात काठी घेऊन आमच्या सरपणाच्या ढिगात काहीतरी उचकत होते.

"रातकिडा हाय गं," ते म्हणाले. "लय दिवस झालं, दिवसाबी वरडतोय. आमच्या घरात आमी समदं शोधलं. तुमच्याच हितं हाय कुठंतरी."

रातकिडा सोप्यात बसून पेपर वाचत होता. मी आबांच्या कानाजवळ गेले तशी शिट्टी वाढली. दोन्ही यंत्रं वाजत होती, डावं जरा वरच्या पट्टीत. आबांना ती ऐकू येणं शक्य नव्हतं. त्या उंचीचे आवाज त्यांच्या कानांतून कधीच गेले होते. मी यंत्रं काढून घेतली आणि ओरडून विचारलं, "आबा, नीट ऐकू येत नव्हतं ना?"

"जरा गोंधळ हुता," आबा म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"तू येवढ्या लांबनं येऊन केलंस. कसं सांगायचं?"

मी आईकडे वळले. आई दारातच गहू निवडत बसली होती, आबांपासून दोन हातांवर. रोज याच जागी बसायची. मला तिचा राग आला. "आई, अगं तू तरी सांगायचंस ना. तीन आठवडे शिट्टी वाजतेय."

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "कसली शिट्टी?" ती म्हणाली.

चुलत्यांनी काठी खाली ठेवली.

मी आधी लॅपटॉप काढला. सात मिनिटं, चार्ज, शिट्टीची चाचणी, सगळं पुन्हा केलं. प्रोग्रामनं नोंदींचं विचारलं, तेव्हा प्रश्न चार वेळा वाचला. आबांना यंत्रं घातली. मग आई पाठमोरी होऊन चुलीवरचं दूध बघत होती तेव्हा तिच्यामागे उभं राहून मी माणसं बोलतात तेवढ्या आवाजात म्हटलं, "आई, दूध उतू जातंय."

दूध उतू जात नव्हतं. आई वळली नाही.

मी बाहेर येऊन आबांच्या शेजारी बसले. आबांनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळू आवाजात बोलले. त्यांचा हळू आवाज मी तोवर ऐकलेलाच नव्हता. तो बराच वरच्या पट्टीतला निघाला.

"तिला ऐकू येत न्हाई," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू पयल्यांदा हे नीट केलंस ना, त्या दिवशी कळलं. जेवताना. ती तोंडाकडं बघती बोलणाऱ्याच्या. मी बी तसंच करत हुतो."

"मग बोलला का नाहीत?"

आबांनी पेपरची घडी केली. "मी नोकरीवरनं आलो तवा मला काय ऐकू येत न्हवतं, ते तिनं गावात वर्सभर कुणाला कळू दिलं न्हाई. माणूस माझ्याशी बोलायला आला की हीच मधी बोलायची. लोक म्हणायची, बाई लय पुढं पुढं करती. मग मी कसं सांगू?"

मला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं असेल तर ते मला कळलं नाही याचं. आम्ही सगळे आबांसाठी ओरडत होतो आणि त्यात आईला ऐकू येत होतं. घर जर साध्या आवाजात बोलत असतं तर दहा वर्षांपूर्वीच कळलं असतं.

आई कान तपासायला मिरजेला यायला तयार नव्हती. मी डोळे तपासायचे म्हणून तिला सांगलीला आणली आणि तिथून मिरजेला नेली. रुग्णालयात तपासणीची काचेची खोली होती. कानाला हेडफोन लावून आईला आत बसवलं. तपासणाऱ्या मुलीनं खुणेनं आणि ओरडून सांगितलं, बारीक आवाज आला की बोट वर करायचं. आईनं मान डोलावली आणि बोट वर केलं. थोड्या वेळानं पुन्हा वर केलं. मग ठरावीक वेळानं करतच राहिली.

"आजी," मुलगी म्हणाली, "मी अजून सुरू नाही केलं."

खरी तपासणी झाली तेव्हा आलेख आबांच्यासारखाच उजवीकडे उतरला, जरा कमी. मुलीनं विचारलं, मोठ्या आवाजाच्या जागी कधी काम केलंय का. आई म्हणाली, "न्हाई, मी घरीच."

"आई, गिरणी," मी म्हणाले.

"ती काय काम हाय व्हय? ती घरातच हुती."

आबा नोकरीवर असताना आमच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी होती. आई ती एकटी चालवायची, सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी तीन ते दिवेलागण. मी गिरणीच्या शेजारच्या खोलीत अभ्यास करून दहावी झाले. अठरा वर्षं ती गिरणी चालली. आबा कायमचे परत आल्यावर, त्यांना आवाजाचा त्रास होईल म्हणून आईनं ती बंद केली.

मी हे आबांना फोनवर सांगितलं. मग ते म्हणाले, "आमच्या तोफा वर्सातनं थोडंच दिवस वाजायच्या. सरावापुरत्या."

"हो."

"गिरणी रोज हुती."

"हो, आबा."

"माझ्याइतकंच गेलंय?"

"थोडं कमी."

"हां," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आईनं यंत्र घ्यायला नकार दिला. एकाच घरात दोघांनी कानात घातल्यावर लोक काय म्हणतील, हा तिचा मुद्दा होता. त्यावर आबांनी स्वतःची यंत्रं काढून पेटीत ठेवली. "तू घालशील तवा मी घालीन," त्यांनी जाहीर केलं. हे चुलत्यांनी मला फोन करून कळवलं. घर पुन्हा पूर्वीच्या आवाजावर गेलं होतं, किंबहुना वर, कारण आता दोघंही रागात होते. असं नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी चुलते स्वतः आईकडे गेले आणि म्हणाले, "वयनी, घ्या की वो ते. आमाला बी जरा झोप लागू दे दुपारची." दिराचा शब्द तिला मोडता आला नाही, असं ती सांगते.

मिरजेत मुलीनं तीन कंपन्यांची यंत्रं समोर मांडली आणि त्यांच्यातला फरक सांगितला. मी विचारलं, यातलं कोणतं या डबीला चालतं? आणि पर्समधून मॅडमची डबी काढून दाखवली. ती कुठून मिळाली असं तिनं विचारलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते होतं. आबांच्याच कंपनीचं एक जरा नवीन यंत्र त्या डबीला चालणारं निघालं. कान सोडून यूएसबीवर यंत्र निवडणारी मी तिच्याकडे आलेली पहिलीच असणार. पहिली जुळणी तिनं स्वतः केली, आलेख छापून दिला आणि लाल रेघेबद्दल मला चौथ्यांदा सांगण्यात आलं.

आता महिन्यातून एका रविवारी मी दोघांना सोप्यात बसवते. यंत्रं चार आणि वायरी दोनच, एक लाल, एक निळी, असं झाल्यावर पहिल्याच वेळी अदलाबदल होता होता राहिली, म्हणून आईच्या यंत्रांवर नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. प्रत्येक भेटीनंतर मी त्या मशीनचा नवा स्नॅपशॉट घेते आणि त्याला तारीख घालते. लॅपटॉपला नवीन बॅटरी घेतली. आईला अजून यंत्रं आवडत नाहीत. भांडी घासताना ती काढून ठेवते, देवळात जाताना पदर कानावरून घेते. पण मागच्या महिन्यात तिनं उजवं थोडं वाढव म्हणून स्वतःहून सांगितलं.

त्या दिवशी दोघांचं करून झाल्यावर मी चहा करायला आत गेले. बाहेर दोघंच होते. चुलीपाशी उभं राहून मला त्यांचं काहीतरी चाललेलं जाणवत होतं, पण शब्द पोचत नव्हते. आईचा आवाज खाली होता, आबांचा त्याहून खाली. मधेच आबा तोडून बोलले, मधेच आईनं तोडलं. भांडणच होतं. मी चुलीपासून दारापर्यंत आले, तरी मला "तवा तुमी" एवढंच ऐकू आलं.

मी चहा घेऊन बाहेर गेले. "काय चाललंय?" मी विचारलं.

"काय न्हाई," दोघं म्हणाले.

मी कप ठेवले आणि आत आले. अर्ध्या तासानं कप उचलायला गेले तर अजून चाललेलंच होतं आणि चहा कुणी घेतला नव्हता.